गुठळीची जातकुळी

मेंदूची धमनी बंद करणारी गुठळी नेमकी कशाची बनलेली असते, हा प्रश्न दीड शतकभर फक्त शवविच्छेदनाच्या टेबलावर विचारला गेला. रुग्ण जिवंत असेपर्यंत गुठळी कवटीच्या आत, आणि ती हाती येई तेव्हा रुग्ण गेलेला. शिवाय मधल्या तासांत आणि दिवसांत ती बदललेली असे. २००४ साली अमेरिकेत एका बारीक तारेच्या उपकरणाला परवानगी मिळाली आणि ही कोंडी फुटली. धमनीतून गुठळी ओढून बाहेर काढायची आणि रक्त पुन्हा वाहते करायचे, एवढाच त्या तारेचा हेतू होता. पण तिच्यामुळे ताजी, जवळपास अख्खी गुठळी पहिल्यांदाच नेमाने सूक्ष्मदर्शकाखाली येऊ लागली. तेव्हा कळले की ज्याला आपण सरसकट रक्ताची गुठळी म्हणत होतो, तिच्या जाती अनेक आहेत. कोणती औषधाने विरघळेल, कोणती ओढली की सुटून येईल आणि कोणती कशालाच दाद देणार नाही, हे बऱ्याच अंशी तिच्या घडणीवर ठरते.

स्ट्रोकचे, म्हणजे आपण ज्याला लकवा किंवा पक्षाघात म्हणतो त्याचे, उपचार दीर्घकाळ दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिले: गुठळी कुठे आहे आणि किती वेळ गेला आहे? ती कशाची आहे, हा तिसरा प्रश्न सर्वांत उशिरा आला. तो उशिरा का आला आणि आल्यावर त्याने काय बदलले, याची ही हकीकत.

शवागारातून सुरुवात

१६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने अचानक कोसळून मेलेल्या रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींच्या मेंदूत त्याला रक्तस्राव दिसला होता. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांची वाट अडली तर काय होईल, याचाही त्याने विचार केला होता. लकव्याची दोन कारणे, रक्तवाहिनी फुटणे आणि रक्तवाहिनी तुंबणे, इथून हळूहळू वेगळी होऊ लागली.

दुसऱ्या कारणाचे शास्त्र उभे केले ते रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने. १८४० च्या दशकात, पंचविशीच्या आसपासचा हा तरुण बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदन करत होता. फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथेच तयार होते, की दुसरीकडून येते? फिर्खोने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरांत रबराचे आणि इतर पदार्थांचे तुकडे सोडले आणि ते वाहत फुप्फुसात जाऊन अडकतात हे दाखवले. गुठळी एका जागी जन्मते, सुटते, प्रवाहाबरोबर जाते आणि अरुंद वाटेत अडकते, हे त्याचे म्हणणे. जागीच धरलेल्या गुठळीला थ्रॉम्बोसिस आणि वाहत आलेल्या गुठळीला एम्बोलिझम ही नावे त्यानेच रूढ केली. आज मेंदूच्या मोठ्या धमनीत सापडणाऱ्या बहुतेक गुठळ्या अशाच पाहुण्या असतात. हृदयाच्या कप्प्यात किंवा मानेच्या धमनीत जन्मलेल्या आणि वर वाहत गेलेल्या.

पुढच्या पिढीने गुठळीच्या आत डोकावले. जिनिव्हाच्या फ्रीडरिश झान यांनी १८७० च्या दशकात पाहिले की वाहत्या रक्तात धरलेल्या गुठळीत फिकट आणि गडद असे थर आळीपाळीने बसलेले असतात. ते थर आजही झानच्या रेषा म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दाखवले जातात. १८८२ साली तुरिनच्या जूलिओ बिझोझेरो यांनी फिकट थरांचा मुख्य घटक ओळखला. रक्तातले अगदी छोटे, बिनकेंद्रकाचे कण, म्हणजेच प्लेटलेट. म्हणजे एकोणिसावे शतक सरता सरता गुठळीतली मुख्य मंडळी ठाऊक झाली होती. रंग देणाऱ्या लाल पेशी, भोकाशी प्रथम धावून जाणाऱ्या प्लेटलेट, सगळ्यांना बांधून ठेवणारे फायब्रिनचे धागे आणि अधूनमधून पांढऱ्या पेशी. साचलेल्या, संथ रक्तात धरलेली गुठळी लालभडक, तर वेगाने वाहणाऱ्या रक्तात धरलेली पांढुरकी, हेही कळले होते.

पण या ज्ञानाचा रुग्णाला काडीचा उपयोग नव्हता. धमनी तुंबली की करण्यासारखे काहीच नव्हते, आणि जिथे उपचारच नाही तिथे गुठळी लाल की पांढरी याने काय फरक पडणार? हा प्रश्न पाठ्यपुस्तकात गेला आणि तिथेच राहिला.

विरघळवण्याची आशा

१९३३ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम टिलेट यांनी पाहिले की घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जिवाणूंचा द्रव फायब्रिनची गुठळी पातळ करून टाकतो. यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आले. १९५८ साली ससमन आणि फिच या अमेरिकन डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारे द्रव्य स्ट्रोकच्या तीन रुग्णांना देऊन पाहिले. साठच्या दशकात स्ट्रेप्टोकायनेजच्याही चाचण्या झाल्या, पण त्यांनी निराशा केली. कित्येकांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या काळी डॉक्टर एका अर्थी डोळ्यांवर पट्टी बांधून औषध देत होते, कारण समोरच्या रुग्णाची धमनी तुंबली आहे की फुटली आहे, हे बाहेरून खात्रीने सांगायची सोयच नव्हती.

ती पट्टी काढली सीटी स्कॅनने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले. ताजे रक्त पांढरे दिसू लागले आणि रक्तस्राव झालेला रुग्ण काही मिनिटांत वेगळा काढता येऊ लागला.

त्याच सुमारास बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात देझिरे कोलेन आणि त्यांचे सहकारी गुठळी विरघळवणाऱ्या, आपल्या शरीरातल्याच एका द्रव्याच्या मागे लागले होते. ते द्रव्य म्हणजे टीपीए. एका स्त्रीच्या त्वचेच्या कर्करोगातून वाढवलेल्या पेशी हे द्रव्य भरपूर सोडत, म्हणून त्याचा अभ्यास शक्य झाला. मग कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीत डायेन पेनिका यांच्या गटाने त्याचा जनुक वेगळा केला आणि १९८३ साली तो शोध प्रसिद्ध झाला. आता हे द्रव्य कारखान्यात बनवता येणार होते. १९८५ साली जस्टिन झिव्हिन यांनी सशांच्या मेंदूत गुठळ्या सोडून आणि लगेच टीपीए देऊन मेंदू वाचवता येतो हे दाखवले.

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मज्जासंस्था संस्थेने केलेल्या टीपीएच्या चाचणीचा निकाल आला. ६२४ रुग्ण, आणि औषध ३ तासांच्या आत. औषध मिळालेल्यांना तीन महिन्यांनी जवळजवळ धडधाकट असण्याची शक्यता किमान ३० टक्के जास्त होती. किंमतही होती. लक्षणे वाढवणारा रक्तस्राव औषधाच्या गटात ६.४ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्क्यांना. पुढल्या वर्षी औषधाला मान्यता मिळाली. स्ट्रोकचा रुग्ण आला की खाट द्या आणि वाट पाहा, हा काळ संपला.

मात्र लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आले की ज्यांना औषधाची सर्वांत जास्त गरज, म्हणजे ज्यांची मेंदूची मोठी धमनी बंद आहे, त्यांनाच ते सर्वांत कमी लागू पडते. एक कारण आकाराचे. २०११ साली जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी स्कॅनवर गुठळ्यांची लांबी मोजली. ८ मिलिमीटरपेक्षा लांब गुठळी शिरेतून दिलेल्या औषधाने उघडण्याची आशा जवळजवळ नसतेच, असे त्यांना आढळले. दुसरे कारण घडणीचे. टीपीए स्वतः गुठळी कापत नाही. ते रक्तातल्या प्लास्मिनोजेनला जागे करते, त्यातून प्लास्मिन तयार होते आणि प्लास्मिन फायब्रिनचे धागे कापते. त्यासाठी औषध आत झिरपावे लागते. जिथे प्लेटलेट आणि फायब्रिन दाट विणले गेले आहेत तिथे वाटच अरुंद असते. त्यात प्लेटलेट पीएआय-१ नावाचे द्रव्य सोडतात, जे टीपीएलाच निकामी करते. मात्र घडणीबद्दलचे हे सगळे सुरुवातीला प्रयोगशाळेतल्या कृत्रिम गुठळ्यांवरून बांधलेले तर्क होते. रुग्णाच्या मेंदूतली खरी, ताजी गुठळी तेव्हा नेमाने हाती येत नव्हती.

तारेचे फिरकीचे टोक

गुठळी ओढून काढायची कल्पना नवी नव्हती. १९५६ साली कीझली वेल्च या न्यूरोसर्जनने कवटी उघडून मेंदूच्या मधल्या धमनीतला अडथळा काढल्याचे नोंदवले. १९६३ साली थॉमस फोगार्टी यांनी हातापायांच्या धमन्यांसाठी फुग्याचा कॅथेटर प्रसिद्ध केला. त्याचा पहिला नमुना त्यांनी शस्त्रक्रियेच्या हातमोज्याच्या बोटाचे टोक कापून, मासेमारीच्या गळाला बांधतात तशा गाठी मारून बनवला होता. नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचे. पायात हे जमले. मेंदूत जमणे कठीण होते, कारण तिथल्या धमन्या दोन-तीन मिलिमीटर रुंद, पातळ भिंतीच्या आणि कवटीत शिरताना नागमोडी वळणे घेणाऱ्या.

आधी औषधच थेट गुठळीपाशी नेऊन सोडायचे प्रयत्न झाले. जर्मनीत आखेनच्या हेर्मान त्सोयमर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे केले, आणि १९९९ च्या प्रोॲक्ट-२ चाचणीत अशा औषधाने ६६ टक्के धमन्या उघडल्या, तर औषधाविना फक्त १८ टक्के.

त्यानंतर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पिएर गोबँ यांनी मर्सी हे उपकरण बनवले. निकेल आणि टायटॅनियमच्या नायटिनॉल या मिश्रधातूची ती तार. हा धातू आपला ठरलेला आकार लक्षात ठेवतो. बारीक नळीतून जाताना तार सरळ राहते, नळीबाहेर आली की वेटोळी घेते. जांघेतल्या धमनीतून शिरून ही तार गुठळीच्या पलीकडे न्यायची, तिची वेटोळी गुठळीत रुतवायची आणि सगळे मिळून मागे खेचायचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४१ रुग्णांवर उपकरण प्रत्यक्ष वापरले गेले आणि सुमारे ४८ टक्क्यांच्या धमन्या उघडल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक गुठळ्या जागच्या हलल्या नाहीत, तुटल्या किंवा वाटेत सुटल्या.

पण ज्या हाती आल्या त्यांनी नवा अध्याय उघडला. त्याच विद्यापीठातले व्हिक्टर मार्डर हे रक्त गोठण्याच्या शास्त्रातले जुनेजाणते. त्यांनी गोबँ आणि सहकाऱ्यांबरोबर २५ रुग्णांच्या मेंदूतून निघालेल्या गुठळ्या तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. बहुतेक गुठळ्यांत प्लेटलेट आणि फायब्रिनचे थर होते, त्यांना लागून पांढऱ्या पेशींच्या रांगा, आणि मधूनमधून लाल पेशींचे दाट पुंजके. एकाच गुठळीत एका टोकाला एक घडण, दुसऱ्या टोकाला दुसरी. हृदयातून आलेली गुठळी लालच असणार आणि मानेच्या धमनीतली पांढरी, हा पाठ्यपुस्तकी हिशेब या काचपट्ट्यांवर जुळत नव्हता. झान आणि बिझोझेरो यांनी वर्णन केलेले थर आता काही तासांपूर्वी लकवा झालेल्या जिवंत माणसातून निघाले होते.

होनोलुलूतला धक्का, इस्तंबूलमधला निकाल

तोवर उपकरणेही सुधारत होती. २००८ च्या सुमारास गुठळी शोषून घेणारी पेनम्ब्रा नावाची नळी बाजारात आली. त्याच वर्षी जर्मनीत स्टुटगार्टच्या हान्स हेंकेस यांनी सॉलिटेअर नावाची जाळीदार नळी गुठळी काढायला वापरली. ही जाळी मुळात धमनीवरच्या फुगवट्यांच्या उपचारासाठी बनवलेली, आणि गरज पडली तर परत काढता येणारी. तिचे तंत्र असे: अतिबारीक नळी गुठळी भेदून पलीकडे न्यायची, नळी मागे घेत जाळी गुठळीच्या आत उलगडू द्यायची, काही मिनिटे थांबायचे म्हणजे जाळीच्या घरांत गुठळी रुतून बसते, आणि मग मागून शोषण लावून जाळी, गुठळी आणि नळी एकत्र बाहेर घ्यायची. २०१२ साली अशा दोन जाळ्यांना अमेरिकेत परवानगी मिळाली.

आणि मग धक्का बसला. फेब्रुवारी २०१३ मध्ये होनोलुलूच्या परिषदेत तीन चाचण्यांचे निकाल एकाच वेळी आले, आणि तिन्हींत धमनीतून केलेल्या उपचाराने रुग्णांचा फायदा झाल्याचे दिसले नाही. त्यातल्या सर्वांत मोठ्या, ६५६ रुग्णांच्या चाचणीत तर उपयोग नाही म्हणून भरती मध्येच थांबवली होती. या चाचण्यांत जुनी उपकरणे जास्त वापरली गेली होती, उपचाराला उशीर झाला होता, आणि मोठी धमनी खरोखर बंद आहे याची आधी खात्री कित्येक रुग्णांत केलीच नव्हती. पण अनेकांच्या मनात तेव्हा एकच प्रश्न होता: ही सगळी वाट चुकली की काय?

ऑक्टोबर २०१४ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत नेदरलंड्सच्या डॉक्टरांनी उत्तर दिले. १६ रुग्णालये, ५०० रुग्ण, स्कॅनवर मोठी धमनी बंद असल्याचे सिद्ध झालेले, आणि जवळजवळ सर्वत्र नव्या जाळ्या. तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर स्वतंत्र जगू शकणारे रुग्ण ३२.६ टक्के, तर नेहमीच्या उपचारावर १९.१ टक्के. पुढच्या काही महिन्यांत आणखी चार चाचण्यांनी हेच सांगितले. त्यातली एक कॅनडातून, मूळ भारतीय डॉक्टर मयंक गोयल यांच्या सहभागाने झालेली. २०१६ साली पाचही चाचण्यांचे १,२८७ रुग्ण एकत्र मोजले गेले. दर २.६ रुग्णांमागे एकाचे अपंगत्व किमान एका पायरीने घटत होते. वैद्यकात इतका सरळ, इतका मोठा लाभ विरळाच. २०१८ पर्यंत निवडक रुग्णांत हा उपचार २४ तासांपर्यंत लागू पडतो, हेही सिद्ध झाले.

या यशाच्या आकड्यातच पुढचा प्रश्न दडला होता. त्या पाच चाचण्यांत समाधानकारक रक्तप्रवाह परतला तो सुमारे ७१ टक्के रुग्णांत. उत्तम उपकरणे, निष्णात हात, वेळेत पोहोचलेला रुग्ण, आणि तरीही दर दहातल्या जवळजवळ तिघांची धमनी नीट उघडली नाही. पुढे असेही दिसले की पहिल्याच प्रयत्नात गुठळी पूर्ण निघाली तर रुग्ण सर्वांत चांगला सुधारतो, आणि प्रत्येक वाढत्या प्रयत्नाबरोबर आशा घटत जाते. मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरत असताना प्रत्येक फसलेली खेच महाग पडते. मग या न निघणाऱ्या गुठळ्यांत असते तरी काय?

पिवळे, लाल, निळे

या प्रश्नाचा पाठलाग अनेक ठिकाणी सुरू झाला. लॉस एंजेलिसला, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, पॅरिसला, बेल्जियममध्ये, आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात. गॉलवेत वैद्यकीय उपकरणांचा उद्योग मोठा. तिथली न्यूरावी ही कंपनी गुठळी काढणाऱ्या जाळ्या बनवत होती आणि विद्यापीठातले संशोधक गुठळ्या तपासत होते. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णालयांतून निघालेल्या गुठळ्या फॉर्मलिनमध्ये बुडवून येत. त्यांचे मेणात ठोकळे होत, ठोकळ्यांचे काही मायक्रॉन जाडीचे काप, आणि कापांवर मार्शियस स्कार्लेट ब्लू नावाचे रंगद्रव्य चढे. या रंगात लाल पेशी पिवळ्या दिसतात, फायब्रिन लाल, आणि जुन्या, भिंतीच्या घडणीचे कोलॅजेन निळे. संगणक रंगांचे क्षेत्रफळ मोजतो आणि सांगतो की या गुठळीत किती टक्के काय आहे.

नुसते मोजून भागणार नव्हते. घडणीचा ओढण्याशी काय संबंध, हे पाहायला हवे होते. गॉलवेच्याच संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग साधा आणि बोलका आहे. मेंढीच्या रक्तापासून त्यांनी लाल पेशींचे प्रमाण कमीजास्त करून गुठळ्या बनवल्या, त्या एका पृष्ठभागावर ठेवल्या आणि पृष्ठभाग हळूहळू तिरपा करत नेला. कोणत्या कोनात गुठळी घसरते, त्यावरून घर्षण मोजले. लाल पेशी भरपूर असलेल्या गुठळ्या लवकर घसरल्या. लाल पेशी २० टक्क्यांच्या खाली आणि बाकी बहुतेक फायब्रिन, अशा गुठळ्या मात्र पृष्ठभागाला चिकटून बसल्या.

कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत, डॉक्टरांच्या हाताला जे जाणवत होते त्याचे हे मोजमाप होते. लाल पेशींची गुठळी मऊ असते. जाळी तिच्यात सहज रुतते आणि ती सुटून येते. पण ती ठिसूळही असते, ओढताना तिचा तुकडा निसटून पुढच्या बारीक फांदीत जाऊन अडकू शकतो. फायब्रिनने भरलेली गुठळी चिवट. जाळी तिच्यात शिरत नाही, तिला भिंतीकडे दाबून वरून सरकून जाते, आणि गुठळी आपल्या जागी तशीच. फार जोर लावावा तर धमनीलाच इजा व्हायची.

दरम्यान गुठळीत आणखी एक अनपेक्षित धागा सापडला. २००४ साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले होते की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना अडकवण्यासाठी आपल्याच डीएनएचे जाळे बाहेर फेकतात. २०१७ साली बेल्जियमच्या सायमन डी मेयर यांच्या गटाने स्ट्रोकच्या ६८ गुठळ्या तपासल्या आणि जवळजवळ सर्वांत हे डीएनएचे जाळे आढळले. टीपीए फायब्रिन कापते, डीएनए नाही. प्रयोगशाळेत टीपीएबरोबर डीएनए कापणारे एन्झाइम दिल्यावर गुठळ्या लवकर विरघळल्या. पुढच्या वर्षी पॅरिसच्या अभ्यासात दिसले की ज्या गुठळ्यांत हे जाळे जास्त, त्यांना बाहेर काढायला उपकरण जास्त वेळा फिरवावे लागले. पॅरिसच्याच गटाने २०१९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अनेक गुठळ्यांना बाहेरून दाट, घट्ट कवच असते आणि आतला गाभा तुलनेने सैल असतो. नारळ फोडताना करवंटीशीच झगडावे लागते तसे इथेही औषधाची गाठ आधी या कवचाशी पडते.

गुठळी स्थिर वस्तू नाही, हेही याच काळात स्पष्ट झाले. प्लेटलेट फायब्रिनचे धागे आवळत राहतात, लाल पेशी एकमेकींवर दाबल्या जाऊन गोल आकार सोडतात आणि बहुकोनी होऊन फटींशिवाय बसतात. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जॉन वीझल आणि सहकाऱ्यांनी हे २०१४ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. अशा आवळलेल्या गुठळीत औषधाला शिरकाव आणखी अवघड होतो.

समजेचा उपयोग

या समजेने रुग्णाच्या पदरात काय टाकले? पहिली गोष्ट म्हणजे गुठळी आत असतानाच तिचा अंदाज घेण्याची वाट. सीटी स्कॅनवर बंद धमनी कधीकधी पांढऱ्या रेघेसारखी चमकते, हे डॉक्टर १९८३ पासून जाणत होते. २०११ साली डेव्हिड लीबेस्किंड आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्णांचे स्कॅन आणि त्यांच्याच निघालेल्या गुठळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. रेघ चमकणाऱ्यांत लाल पेशी जास्त, न चमकणाऱ्यांत फायब्रिन जास्त. हिमोग्लोबिन क्ष-किरण अधिक अडवते, म्हणून हा फरक. नेहमीच्या स्कॅनमधून गुठळीची जात ओळखायचा हा पहिला ठोस मार्ग होता.

दुसरी गोष्ट उपकरणांची. २०१७ आणि २०१९ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत शोषण आणि जाळी यांची तुलना झाली आणि दोन्ही सरासरीत सारखीच ठरली. पण सरासरी ही सगळ्या जातींची सरमिसळ असते. मऊ गुठळीला एक उपाय पुरतो, चिवट गुठळीला दुसरा लागतो, हे कळल्यावर खास चिवट गुठळ्या चिमटीत धरणारी उपकरणे आली. २०२५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रेनी झाओ यांच्या गटाने वेगळीच दिशा दाखवली. नळीच्या टोकाशी वेगाने फिरणारी पोकळ फिरकी बसवायची, तिने गुठळीला दाबत आणि घुसळत फायब्रिनचा गुंता लहानशा गोळीएवढा आवळायचा, मग ती गोळी शोषून घ्यायची. गुठळी फाडण्याऐवजी तिच्याच धाग्यांनी तिला लहान करण्याची ही युक्ती फायब्रिनचा नीट अभ्यास झाल्याशिवाय सुचली नसती.

तिसरी गोष्ट औषधाची, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात येतो. टीपीएचा सुधारित भाऊ टेनेक्टेप्लेज. तो फायब्रिनला अधिक नेमका धरतो, पीएआय-१ ला सहज बळी पडत नाही आणि एकाच इंजेक्शनात देता येतो. २०१८ सालच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत, गुठळी ओढायला घेण्याआधीच धमनी उघडल्याचे प्रमाण त्याने २२ टक्के, तर जुन्या औषधाने १० टक्के होते. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने हे औषध भारतात बनवले आणि स्ट्रोकसाठी त्याला इथे मान्यताही मिळाली. जिथे कॅथलॅब तासन्‌तास दूर आहे, तिथल्या रुग्णासाठी एका इंजेक्शनाचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र या सगळ्या ज्ञानाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती ठळकपणे मांडलीच पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली येते ती निघालेली गुठळी. औषधाने आधीच विरघळली ती प्रयोगशाळेत पोहोचत नाही, आणि जी शेवटपर्यंत निघालीच नाही तीही पोहोचत नाही. म्हणजे सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड अशी दोन्ही टोके आपल्या हिशेबाबाहेर राहतात. ज्या गुठळ्यांबद्दल जाणून घेण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याबद्दलच आपल्याकडे सर्वांत कमी पुरावा आहे. घडणीवरून गुठळीचा उगम हृदयातला की मानेच्या धमनीतला, हे ओळखण्याची आशाही अजून पुरती फळलेली नाही, कारण बहुतेक गुठळ्या संमिश्र निघतात.

तरीही या इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. इथे उपचाराने समजेला वाट करून दिली. गुठळी काढण्याचे साधन आधी आले आणि ती काय आहे हे नंतर उमगले. आता क्रम उलटायची वेळ आली आहे. नळी जांघेतून आत शिरण्यापूर्वीच समोरची गुठळी कोणत्या घडणीची आहे हे ठाऊक असावे, आणि त्यानुसार पहिलेच साधन निवडावे, म्हणजे पहिलीच खेच यशस्वी होईल. तोंड वाकडे होताच, हात लुळा पडताच किंवा बोलणे अडखळताच घरच्यांनी वेळ न दवडता रुग्णालय गाठणे हा या लढाईचा पहिला अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा भाग डॉक्टरांच्या हाती आहे.

त्यात भारतीय रुग्णालयांना करण्यासारखे एक काम फार खर्चिकही नाही. मुंबई-पुण्यापासून जिथे जिथे हा उपचार होतो, तिथे निघालेली प्रत्येक गुठळी फॉर्मलिनच्या बाटलीत घालावी, रुग्णाच्या स्कॅनशी तिची जोडी लावावी आणि ती तपासणीला पाठवावी. आजवरच्या ज्ञानाचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या गुठळ्यांवर उभा आहे. संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेली हृदये आपल्याकडे अजूनही बरीच आहेत, आणि अशा हृदयांतून सुटणाऱ्या गुठळ्यांची घडण तिथल्या अभ्यासांतून आपसूक कळणार नाही. ती आपल्यालाच पाहावी लागेल, आणि त्यासाठी लागणारा ऐवज आपल्या कॅथलॅबमध्ये रोज बाहेर निघतो आहे.